टायरची डावी कड

बसा मंडळी, बसा. मागचे पुढे या, पुढचे जरा सरका. आजोबा, तुम्ही खांबाला टेका, खुशाल टेका— खांब देवाचाच आहे! फक्त घोरू नका, पखवाजाचा ताल चुकतो.

पूर्वरंगात आपण नमनाचा विचार केला. आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न. माणूस देवापुढे वाकतो, कपाळ फरशीला लागतं. उठतो तेव्हा कपाळाला धूळ असते. बघणारे म्हणतात, वा! काय भक्ती! आता मला सांगा— एखाद्याने घरीच बोटाने कपाळाला धूळ लावली आणि मग देवळात आला, तर तुम्हाला फरक कळेल?

नाही कळणार! कोणीतरी पुटपुटलं, 'देवाला कळेल.' अहो, देवाला सगळंच कळतं. मी विचारतोय ते निराळं. त्या धुळीवर विश्वास ठेवून कोणी आपलं लेकरू त्या माणसाच्या हवाली केलं, तर? तर ती धूळ कोणाच्या डोळ्यात जाते?

माथा वाकला, ताठा उभाच राहिला ।
नमस्कार देवाच्या दारी, वाटेतच थांबला ॥

(हे कोणा संताचं नाही हं. चालीत बसवायला सोपं पडावं म्हणून मीच जुळवलंय. बरं वाटलं तर टाळकऱ्यांचं, चुकलं तर माझं.)

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आज ध्रुवाचं आख्यान की प्रल्हादाचं? मंडळी, ऐका— आज मोटारसायकलचं! हसताय? हसून घ्या. थोड्या वेळाने हसू येणार नाही.

कोल्हापुरात शार्दूल नेर्लेकर नावाचा एक तरुण. लक्ष्मीपुरीत वडिलांचं नळ-पाइपांचं दुकान. घर चाललंय नळांवर, पण शार्दूलला नळांबद्दल एकही मत नाही! मतं सगळी गाड्यांबद्दल. स्वतःकडे हजार सीसीची, चार सिलिंडरची, निळी मोटारसायकल. सुरू केली की गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. रविवारी सकाळी पंधरा-वीस जण अशा गाड्या घेऊन निघायचे आणि सांबरकड्याच्या घाटमाथ्यावर चहाला थांबायचे. तिथे रंगायची धर्मचर्चा!

होय, धर्मचर्चाच. एक म्हणायचा, 'सिलिंडर चारच पाहिजेत, गाडी कशी रेशमासारखी धावते.' दुसरा म्हणायचा, 'छट्! दोनच. हाडात धक्का बसला पाहिजे.' आपल्याकडे द्वैत आणि अद्वैत, त्यांच्याकडे दोन आणि चार! तीन सिलिंडरवाला एक होता बिचारा. त्याला दोन्ही पंथांनी वाळीत टाकला होता.

आणि वाद टोकाला गेला की सगळे वळायचे शार्दूलकडे. त्याला टोपणनावच पडलं होतं— जज्ज. 'जज्ज, तू सांग.' मग जज्ज चहाचा घोट घ्यायचा, थोडा थांबायचा (हे थांबणं महत्त्वाचं बरं का!) आणि निकाल द्यायचा. 'ती इटालियन? आवाज देवाचा, क्लच दगडाचा.' 'ती जर्मन? चालवताना झोप येते.' 'ती जुनी मोटार, मागे इंजिन असलेली? ती शेपटीने चालते, वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की फिरलीच.' पटापट माना हलायच्या. या गाड्या त्याने चालवल्या होत्या का? कोणी विचारलंच नाही. आपण तरी विचारतो का कधी? मत जोरात आलं की आपण समजतो, अनुभवातून आलं!

पण एके रविवारी त्या तीन सिलिंडरवाल्याने, राणोजी त्याचं नाव, शार्दूलच्या गाडीमागे उकिडवं बसून चाकाकडे बोट दाखवलं. 'जज्ज, तुझा भित्रा पट्टा दोन बोटं रुंद हाय की रं!'

आणि सगळे हसले.

भित्रा पट्टा म्हणजे काय? माय-माउल्यांनो, तुम्हीही ऐका, सोपं आहे. मोटारसायकलचा टायर मोटारीच्या टायरसारखा सपाट नसतो. मधे फुगीर, कडांना गोल. गाडी सरळ चालवली की मधला भाग झिजतो. वळणावर गाडी झुकवली की कडेचा भाग रस्त्याला लागतो. जेवढं झुकाल तेवढी कड झिजते. आणि जो झुकलाच नाही, त्याच्या टायरच्या दोन्ही कडांना कोरं, चकचकीत रबर तसंच राहतं. हा झाला भित्रा पट्टा. माणूस तोंडाने काहीही बोलो, टायर त्याचं चरित्र सांगतो!

शार्दूल हायवेवर वाऱ्यासारखा जायचा. सरळ रस्त्यावर. पण वळण आलं की त्याचे खांदे आखडायचे, हात ताठ व्हायचे. गाडी झुकायला तयार, पण हा वर खुंट्यासारखा उभा! दोन वर्षं गाडी होती आणि दोन वर्षं हे गुपित होतं. त्या रविवारी ते चव्हाट्यावर आलं.

मग त्याने काय केलं? घाटात जाऊन सराव केला? कोणा जाणत्याला विचारलं? नाही! भरदुपारी, घर जेवून आडवं झालेलं असताना, मागचं चाक स्टँडवर उचललं, हाताने फिरवलं, आणि पॉलिश पेपर घेऊन टायरच्या कडा घासल्या. डावी घासली, उजवी घासली. अगदी काठापर्यंत. मधल्या दारातून आईने विचारलं, 'काय घासतोयस रे एवढं?'

'गंज, आई.'

'रबराला गंज?'

मंडळी, हसलात ना? आई मात्र हसली नव्हती. ती आत निघून गेली.

पुढच्या रविवारी राणोजी पुन्हा चाकामागे उकिडवा बसला. आणि त्याची बोलती बंद! पट्टा गायब. टायर काठापर्यंत खरखरीत. 'जज्ज, कुठं झुकवलीस रं एवढी?' शार्दूलने चहाचा घोट घेतला. थोडा थांबला. म्हणाला, 'आठवडाभर घाटातच होतो.'

इथवर गंमत. एकाने दुसऱ्याला फसवलं, कोणाचं काय गेलं? थांबा. आता घाटमाथ्यावर एक तीनचाकी मोटार येतेय.

पुढे एक चाक, मागे दोन. रंग पिवळा. कोणे एके काळी एका छोट्या कारखान्याने अशा थोड्या बनवल्या, मग कारखानाच बंद पडला. ही त्यातली उरलेली. मालक तात्या मगदूम, मगदूम ब्रास बँडचे. पोट मोठं, मिशी मोठी, आवाज तर ढोलापेक्षा मोठा. मागच्या सीटवर क्लॅरनेटची पेटी.

'तात्या,' शार्दूल सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, 'ही मोटार नव्हे हो. झाकलेली रिक्षा!'

हशा पिकला. तात्याही हसले. 'रिक्षा तर रिक्षा! एक चाक कमी म्हंजे पंक्चरची एक काळजी कमी. पर एक सांगतो, माझी बया काय जमतंय आन् काय जमत न्हाई ते तोंडावर सांगती. पुढं एकच चाक. वळणात जोरात नेली की कलंडती. म्हणून शेजारी बसंल त्याला काम. डावं वळण आलं की डावीकडं झुकायचं, उजवं आलं की माझ्या अंगावर. न झुकणारा माणूस आपल्या गाडीत चालत न्हाई!'

मग तात्यांनी हसणं थांबवलं. शार्दूलच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेतलं.

तात्यांची मुलगी चारुता. तिने नुकतीच साडेसहाशे सीसीची गाडी घेतली होती. पहिल्यांदाच या जथ्याबरोबर घाट उतरणार होती. ती पलीकडे हेल्मेटचा पट्टा बांधत उभी होती.

'शार्दूल,' तात्या म्हणाले, हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येतं हेच शार्दूलला त्या दिवशी कळलं! 'घरात लई भांडाण झालं बघ. मी म्हटलं नको. तिची आई गेल्यापासनं ही एकच हाय मला. ती म्हणली, शार्दूलदादा पुढं असतील, मी त्यांच्या चाकावर नजर ठेवून येते. ते झुकतील तेवढीच झुकते, ते जातील तेवढीच जाते. तरी मी हो म्हटलं न्हाई. आत्ता आल्या आल्या गुपचूप तुझा टायर बघून आलो. काठापर्यंत घासलाय! मग म्हटलं, जा पोरी. पुढं जाणारा माणूस जाणता हाय.'

मंडळी.

हाच तो क्षण. रस्त्यात गाडी नाही, वेग नाही, हातात चहाचा ग्लास. एक वाक्य पुरे होतं— तात्या, तो टायर मी घासलाय. किती वेळ लागला असता? चहा निवायच्या आत प्रकरण संपलं असतं! पण पंधरा जण उभे. राणोजी उभा. आणि जज्ज काय म्हणाला?

'काळजी करू नका, तात्या. मी आहे.'

माथा वाकला, ताठा उभाच राहिला…

निघाले. पुढे शार्दूल, त्याच्यामागे चारुता, मग राणोजी आणि बाकीचे, आणि सर्वांत शेवटी, वीसच्या वेगाने, पिवळी बया. सगळे फोनवर एकाच कॉलवर जोडलेले. पोरांच्या हेल्मेटमध्ये आवाज येतो, माइक ओठांपाशी. तात्या म्हणाले होते, 'मलाबी त्या कॉलात घ्या रे, पोरीचा आवाज ऐकत येतो.' त्यांचा फोन समोर काचेपाशी, स्पीकरवर.

सांबरकड्याचा घाट पाहिलेले कोणी आहेत का इथे? नसाल तर मी सांगतो. उतरताना डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. दरीच्या बाजूला कमरेएवढा दगडी कठडा. वळणामागून वळण, आणि अर्ध्यावर एक मोठं वळण— डोंगराच्या नाकाला वळसा घालून डावीकडे, पार उलटं फिरवणारं. घोड्याच्या नालासारखं. त्याला म्हणतातच नाल. नालाच्या आधी सरळ उतार. म्हणजे जिथे सावध व्हायचं, नेमकं तिथेच गाडी आपोआप वेग धरते!

पहिली दोन-तीन वळणं शार्दूल सावकाश गेला. ताठ. कानात चारुताचा आवाज आला, मोकळा, आनंदी. 'दादा, छान वाटतंय!'

त्याने हँडल आणखी घट्ट धरलं.

आणखी एक वळण. 'दादा, तुम्ही माझ्यासाठी हळू चालवताय ना? नका हो. मी नीट येतेय. तुम्ही तुमच्या रोजच्या वेगाने चला.'

रोजच्या वेगाने! अहो, खोट्याला सर्वांत मोठं संकट कोण आणतं? शत्रू नाही आणत. विश्वास ठेवणारा आणतो! संशयी माणूस तुम्हाला मागे ओढतो. श्रद्धाळू माणूस पुढे ढकलतो— चला, तुम्हाला येतंच आहे!

मागून राणोजी ओरडला, 'जज्ज, वरातीत हाईस काय रं? तात्यांचा बँड मागं ऱ्हायलाय!' कॉलवर सगळे हसले. शार्दूलने मूठ पिळली.

वेग वाढला. आता थोडं विज्ञान, थोडंच. वळणावर गाडी किती झुकावी लागते हे वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट केलात तर झुकण्याचं मागणं चौपट होतं. (अचूक बोलायचं तर कोन चौपट होत नाही, त्याचा टॅन चौपट होतो. पण राहू दे, इथे परीक्षा नाही!) सांगायचं एवढंच की वेग थोडा वाढला तरी झुकणं खूप वाढवावं लागतं. आणि हा तर झुकतच नव्हता! पुढचं वळण त्याने कसंबसं काढलं. रस्त्याच्या पार उजव्या बाजूला फेकला गेला. समोरून काही आलं असतं तर? आलं नाही.

चारुताला वाटलं, जाणते लोक अशीच वळणं घेतात. तीही तशीच गेली. अगदी त्याच रेषेत, दरीकडे. 'जमलं दादा! मी जवळच आहे.'

शार्दूलने आरशात पाहिलं. तिचा दिवा आरसा भरून दिसत होता. दोघांमध्ये जेमतेम एका गाडीचं अंतर.

आणि समोर सरळ उतार लागला.

मंडळी, आता हालू नका. त्या मुलाच्या डोक्यात त्या वेळी जे चाललं होतं ते मी तुम्हाला सावकाश सांगतो. प्रत्यक्षात डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ होता. उताराच्या शेवटी नाल दिसतोय. नालाचा कठडा दिसतोय, पांढरा चुना फासलेला. या वेगात नाल घ्यायचा तर आयुष्यात कधी झुकला नाही एवढं झुकावं लागणार. बरं, ब्रेक मारावा? मारला तर मागची मुलगी येऊन आदळणार! तिची नजर त्याच्या चाकावर. चाक थांबेल हे तिला ठाऊकच नाही. आणि नाही मारला, तर तो जातोय त्याच वेगाने तीही त्या वळणात शिरणार. का? तर टायर काठापर्यंत घासलेला आहे म्हणून! तो कठडा त्याच्या एकट्याची वाट पाहत नव्हता. दोघांची पाहत होता!

खाली कुठेतरी चढणाऱ्या एसटीचा हॉर्न वाजला.

करणार काय? एकच गोष्ट हातात होती. हातात म्हणजे तोंडात. ब्रेकच्या आधी बोलायचं. बोलण्यात जो रस्ता खर्ची पडेल तो आपल्या ब्रेकच्या वाट्यातून जाणार. आणि ऐकणार कोण? पंधराच्या पंधरा जण!

'चारू!' आवाज फाटला त्याचा. 'माझ्या मागे येऊ नकोस! टायर खोटा आहे. मी घासलाय, घरी घासलाय. मला झुकता येत नाही! ब्रेक दाब, आत्ता, सरळ आहेस तोवर दाब!'

कानात उत्तर नाही. खरखर झाली आणि कॉल तुटला. घाटात रेंज कधी येते, कधी जाते. ऐकलं का तिने? त्याने आरशात पाहिलं. तिचा दिवा होता तेवढाच. तेवढाच… आणि मग पुढचं चाक दबलं, दिवा खाली वाकला आणि लहान झाला. आणखी लहान झाला!

तिने ऐकलं होतं.

(विठ्ठल विठ्ठल म्हणा एकदा. मलाही श्वास घेऊ द्या.)

आता ती सुटली. हा? ह्याच्यापुढे रस्ता संपला होता. ब्रेक मारला, पण थोडाच वेग उतरला आणि नाल समोर उभा! मोटारसायकलची एक खोड आहे. नजर जिकडे, गाडी तिकडे. कठड्याकडे बघाल तर कठड्यात जाल. इतकी वर्षं हा वळणात शिरला की कठड्याकडेच बघायचा. कठडा आणि लोक, दोन्हीकडे. कसा दिसतोय मी? कोण हसतंय मागे? आता मागे हसायला काय उरलं होतं? सगळ्यांना सगळं कळलं होतं. लपवायला काही नाही म्हटल्यावर आखडायचं कशासाठी? खांदे सैल पडले. मान डावीकडे वळली, जिथे रस्ता नाल पुरा करून बाहेर पडत होता तिथे. आणि गाडी झुकली.

झुकली! अजून झुकली! पाय ठेवायची खुंटी रस्त्याला घासून ठिणग्या उडाल्या. अहो, गाडीला झुकता येतच होतं की. बनवणाऱ्याने तिला झुकण्यासाठीच घडवली होती. आडवा येत होता तो वर बसलेला!

माथा वाकला, आता ताठाही वाकला…

वळण जवळजवळ पुरं झालं. पण डोंगराकडचं गटार तुंबून पाणी रस्त्यावर आलं होतं. मागचं चाक त्या ओल्यावर गेलं आणि सटकलं. शार्दूल डाव्या खांद्यावर पडला, घासत गेला. त्याच्या पुढे निळी गाडी घासत गेली, कठड्यावर आदळली आणि कठड्याचे दोन दगड दरीत गेले. बराच वेळ त्यांचा आवाज येत राहिला. शार्दूल थांबला पांढऱ्या रेषेवर. कठड्यापासून दोन हात अलीकडे. चढून आलेली एसटी त्याच्या पायांपासून थोड्या अंतरावर कचकन थांबली. ड्रायव्हर उतरून त्याच्या छातीवर हात ठेवत होता, श्वास आहे का बघायला.

आता आपण माथ्याकडे परत जाऊ. तिथे कोण राहिलंय? तात्या! विसरलात ना? घाटात सगळे त्यांना विसरतात.

तात्यांच्या फोनवर काय आलं? 'चारू! माझ्या मागे येऊ नकोस! टायर—' आणि खरखर. बस्स. बाप माणूस. पोरीचं नाव ऐकलं, किंकाळीसारखं ऐकलं, आणि पुढे फोन मुका. हॅलो, हॅलो करत राहिले. मुकाच.

आता सांगा, काय करेल तो बाप? गाडी पळवेल! पण बया पळत नाही हो! पळवली तर कलंडते. पहिल्याच वळणाला त्यांनी जोर केला आणि आतलं चाक हवेत उचललं गेलं. तात्यांनी सगळं पोट, सगळं अंग डावीकडे टाकलं. शेजारची सीट रिकामी, झुकणारं कोणी नाही. चाक खाली टेकलं. मग त्या माणसाने ब्रेकवर पाय ठेवला. पोरगी खाली कशी आहे माहीत नाही, आहे की नाही माहीत नाही, आणि बाप वीसच्या वेगाने उतरतोय. मोठमोठ्याने रामनाम घेतोय, आणि वळण आलं की स्वतःलाच ओरडून सांगतोय, 'झुक मगदूम! झुक!'

नालाच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, एक हेल्मेट काढलेली मुलगी दोन्ही हात हलवत उभी होती.

तात्या उतरले ते दार उघडंच टाकून. तिचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, दोन्ही हातांची बोटं दाबून पाहिली. मग रस्त्यातच मटकन खाली बसले.

'बाबा, मला काही नाही झालं. दादा पडलेत. त्यांनी मला सांगितलं म्हणून मी…'

'काय सांगितलं?'

चारुताने नालाकडे पाहिलं. 'ते तेच सांगतील,' ती म्हणाली.

शार्दूलचं गळ्याजवळचं, कॉलरबोन म्हणतात ते हाड मोडलं होतं, डाव्या बाजूचं. रेंज नाही, एसटी घाट चढून वर जाणारी, आणि दवाखाना घाटाच्या पायथ्याला. मोडक्या हाडाचा माणूस मोटारसायकलवर मागे बसवणार कसा? गाडी एकच होती.

झाकलेली रिक्षा!

क्लॅरनेटची पेटी, तेवढंच ओझं कमी म्हणून, राणोजीने स्वतःच्या पाठीला बांधली. शार्दूलला तात्यांच्या शेजारी बसवला. चारुता मागून सावकाश येत राहिली. बया निघाली.

'उजवं वळण. झुक,' तात्या म्हणाले. शार्दूल त्यांच्या अंगावर रेलला. तात्यांनी खांदा पुढे करून त्याला घेतलं. 'शाब्बास. तुझ्यामुळं पोर वाचली रं. देवासारखा पुढं होतास.'

मंडळी, कल्पना करा. हे ऐकणं त्या मोडलेल्या हाडापेक्षा सोपं असेल? एकदा कबूल केलं होतं त्याने. पण ते वाऱ्यात, हेल्मेटच्या आत, कोणाच्या डोळ्यात न बघता. आता तो माणूस हातभर अंतरावर बसला होता, ज्याने टायर पाहून लेक दिली होती. गप्प राहिला असता तर चारुताही गप्प राहिली असती. तात्यांच्या घरात तो जन्मभर देव म्हणून राहिला असता!

'तात्या.'

'बोलू नको. दुखंल.'

'तात्या, तो टायर मी घासला होता.'

'टायर घासतोच की वळणावर.'

'वळणावर नाही. घरी. पॉलिश पेपरनं.'

तात्यांना काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरले. कठड्यावर दोन्ही हात ठेवून, पाठ करून उभे राहिले. मागे चारुताही थांबली. शार्दूल गाडीत एकटा. दुखण्याने घामाघूम. तात्यांची पाठ हलताना त्याला दिसत होती. रडत होते की रागाने कापत होते, कोणास ठाऊक!

मग ते परत येऊन बसले. शार्दूलकडे पाहिलं नाही. गाडी सुरू केली.

पुढचं वळण डावं होतं. डावीकडे झुकायचं म्हणजे मोडक्या हाडावर. वळण जवळ येत चाललं. तात्या गप्प. वळण आलं. तात्या गप्पच. बया कलायला लागली…

'झुक,' तात्या म्हणाले.

शार्दूल झुकला. ओरडला, पण झुकला. चाक टेकलेलं राहिलं.

तात्यांनी वेग आणखी कमी केला. पायथ्यापर्यंत प्रत्येक वळणाला तोच एक शब्द. दुसरं अक्षर नाही.

दवाखान्याच्या दारात मात्र बोलले. 'माझ्या बँडात एक जण होता. क्लॅरनेट तोंडाला लावून वरातभर नुसता गाल फुगवून चालायचा. वाजवायचा न्हाई. इतरांच्या आवाजात खपून जायचं.'

'काढून टाकलात त्याला?' शार्दूलने खाली मान घालून विचारलं.

'न्हाई. एकट्याला मधी उभा केला. म्हटलं, वाजीव.'

'वाजवलं?'

'पैला सूर फाटला. पर त्याचा सवताचा होता.' तात्या जायला वळले. 'तुला माफ केलंय असं समजू नको. ते मला अजून जमल्यालं न्हाई. जमलं की सांगंन.'

हाड जुळलं. गाडी दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली. आणि राणोजी पुन्हा त्या चाकामागे उकिडवा बसला. टायर तोच. डाव्या कडेला नालाच्या रस्त्याने ओढलेल्या खऱ्या रेघा, कडेला गोळा झालेलं रबर. उजवी कड पॉलिश पेपरची, घासली होती तशीच. एकाच टायरला दोन कडा, एक खरी, एक खोटी! दुकानदार म्हणाला, बदला हा टायर. शार्दूलने बदलला, पण जुना फेकला नाही. घाटमाथ्यावरच्या चहावाल्याला विचारून त्याच्या छपराच्या बल्लीला टांगला. आता तिथे कोणी छाती फुगवून मत द्यायला लागला की बाकीचे विचारतात, 'भावा, हे डाव्या कडेचं बोलतोयस, का उजव्या?' आणि शार्दूलला कोणी निकाल विचारला तर बऱ्याचदा तो वर टायरकडे बघतो आणि म्हणतो, 'उजव्या कडेचं आहे. चालवून बघितल्याशिवाय खरं धरू नका.'

तात्यांनी माफ केलं का? विचारलंत, बरं केलंत. ते मला माहीत नाही. एवढंच ऐकलंय की बयेच्या शेजारच्या सीटवर अधूनमधून एक तरुण दिसतो, वळण आलं की न सांगता झुकणारा.

आता वळण तुमच्याकडे! सासूने सुनेला सांगितलेलं, बापाने पोराला सांगितलेलं, गुरूने शिष्याला सांगितलेलं. आणि या व्यासपीठावरून मी तुम्हाला सांगितलेलंही, मला काढू नका त्यातून! त्यातलं डाव्या कडेचं किती, उजव्या कडेचं किती? आपल्यामागे एका गाडीच्या अंतरावर कोणीतरी येतंय. आपल्या चाकावर नजर ठेवून येतंय. आपण जाऊ तेवढंच जाणार, आपण झुकू तेवढंच झुकणार. त्याला वळणाच्या आधी सांगा. चहा हातात असताना सांगा. नालात पोचल्यावर सांगायला प्रत्येकाला रस्ता उरत नाही.

उठा आता. निरांजन लागलंय. आरती होईल आणि तुम्ही सगळे देवापुढे वाकाल. वाकताना शेजारचा बघतोय का, हे बघू नका. कपाळाला धूळ लागली का, हे चाचपू नका. वळण आलंय, एवढंच ध्यानात ठेवा.

झुका.